जोबेदा आपांच्या पुस्तकाची दवंडी

फाल्गुन लागला तरी धुक्यानं नेत्रकोणा गावातून बस्तान हलवलं नव्हतं. मगरा नदी नुसत्या अंदाजानं ओळखायची. पलीकडून होडीवाल्याचं खाकरणं ऐकू आलं की समजायचं, आहे, नदी जागेवर आहे. तोराब आली आपल्या बॅटरीवरच्या रिक्षाच्या टपावर चढला, दोन्ही कर्णे त्यानं गमछ्यानं पुसले, आतलं दव निथळावं म्हणून थोपटले, आणि एकाचं तोंड पुढे, एकाचं मागे करून तारेनं आवळून बांधले. माइकला कोहिनूरनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, लोकरीच्या जुन्या मोज्याची टोपी शिवून दिली होती. ती त्यानं नीट ओढून बसवली आणि चुलीपाशी येऊन उकिडवा बसला.

कोहिनूर खापरीत तांदळाचं पीठ ओतून चितई काढत होती. फुगलेली एक तिनं त्याच्या ताटलीत टाकली, वर सुक्या मासळीची झणझणीत चटणी.

“आज हसून बोला हं,” ती म्हणाली.

“हसून म्हणजे?”

“म्हणजे दात दिसू देत. दात दिसले की आवाज आपसूक गोड निघतो.”

“एवढ्या धुक्यात माझे दात दिसणार कुणाला?”

“माइकला दाखवा. आणि घरी सराव नको. काल तुम्ही न्हाणीत नुसतं ‘एक सूचना’ म्हणालात तर शेजारची भाबी विचारायला आली, कोण गेलं म्हणून.”

तोराब हसला. पण बाई खोटं बोलत नव्हती.

तोराब आलीचा आवाज सगळ्या गावाला ठाऊक होता, आणि तीच पंचाईत होती. तरुणपणी तो वाटेल त्याची दवंडी द्यायचा. हरवलेली बकरी, सर्कस, ढाक्याहून येणारे दातांचे डॉक्टर, फार्मच्या कोंबडीचा भाव. लोक त्याच्या रिक्षाला मायकिंगवाल्याची गाडी म्हणत आणि पोरं मागे धावत. मग पेनड्राइव्ह आला. कुठल्या तरी शहरातल्या पोरीनं लाडिक आवाजात एकदा बोलून ठेवायचं आणि कुणीही ऑटोवाल्यानं ते दिवसभर गावात फिरवायचं. कोंबड्या गेल्या, साबण गेला, डॉक्टर गेले. तोराबकडे उरलं ते एकच काम. मरण काही आगाऊ बोलून ठेवता येत नाही. कोण, कुणाचा मुलगा, कुठल्या मोहल्ल्याचा, जनाजा कधी आणि कुठे, हे त्या त्या दिवशी जिवंत माणसानंच सांगावं लागतं. ते तोराब सांगायचा. आवाज खर्जातला, ओढून, प्रत्येक शब्द वेगळा ठेवून. इतकी वर्षं इतक्या नेमानं सांगितलं की त्याचा कर्णा गल्लीच्या तोंडाशी खरखरला तरी बायकांच्या हातातली पळी थांबायची, आणि घरातली माणसं मनातल्या मनात आपापली म्हातारी मोजून घ्यायची.

लग्नाच्या घरी त्याला बोलवायची सोय राहिली नव्हती. सख्ख्या पुतणीच्या हळदीला त्यानं हौसेनं माइक हातात घेतला, “पाहुण्यांनी जेवायला बसावं” एवढंच म्हणाला, तर मांडवातल्या दोन म्हाताऱ्यांनी डोक्यावर पदर घेऊन दुवा पुटपुटायला सुरुवात केली. नवरीच्या मामानं माइक काढून घेतला. तेव्हापासून तोराबच्या मनात एक गोष्ट ठाण मांडून बसली होती. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, आपला आवाज ऐकून माणसानं आनंदानं दार उघडावं. आजचा दिवस त्यासाठी होता.

हा दिवस आणला बिधान साहानं. बिधान साहाचा छापखाना मोठ्या बाजाराच्या मागे, मिठाईच्या दुकानाला चिकटून. वर्षभर लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची पत्रकं छापायचा, आणि त्यातून जे सुटेल ते फाल्गुनात पुस्तकांवर उधळायचा. प्रकाशनाचं नाव ‘कचुरीपाना’. म्हणजे तळ्यात पसरणारी जलपर्णी. कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही, तरी फोफावते. बिधानदाला वाटे, आपली पुस्तकंही तशीच पसरावीत. ती पसरत मात्र छापखान्याच्या माळ्यावरच. फाल्गुनात सगळ्या देशाचे डोळे ढाक्याच्या पुस्तकमेळ्याकडे लागलेले. नेत्रकोण्यात नवं पुस्तक निघालं ही बातमी तो दरवर्षी ढाक्याच्या वर्तमानपत्रांना पाठवायचा. छापून आली तर वाटाण्याएवढी, न आली तर तेवढीही नाही.

यंदा तो ढाक्याचा मेळा बघून आला आणि थेट तोराबच्या दारात उभा राहिला. “तोराबभाई, तिथं रोज नव्या पुस्तकांची नावं कर्ण्यावरून पुकारतात! अमुक लेखक, तमुक पुस्तक. सगळं मैदान ऐकतं. मग आपल्या गावानं काय घोडं मारलंय? आपण गल्लीगल्लीत पुकारू.”

“पुकारा की. पेनड्राइव्हवाली पोरगी आहे ना.”

“मीही तेच म्हणत होतो. पण लेखिका ऐकेना. म्हणते, तोराबचाच आवाज हवा, नाहीतर पुस्तक माळ्यावर टाका.”

लेखिका म्हणजे सातपाई मोहल्ल्यातल्या जोबेदा खातून. लहानथोर त्यांना जोबेदा आपा म्हणत. गावात टेलिफोन हाताने जोडून द्यायचे तेव्हा एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून त्या बसायच्या. कुवेतहून कुणाचा मुलगा बोलायचा, मैमनसिंहच्या इस्पितळातून कुणाची खबर यायची, कोण कुणाशी कशासाठी भांडायचं, सगळं आपांच्या कानावरून जायचं. त्यांचा चेहरा थोड्यांनी पाहिलेला, आवाज सगळ्यांनी ऐकलेला. म्हातारपणी त्यांनी ते सगळं लिहून काढलं. पुस्तकाचं नाव ‘लाइनवर आहात का?’ ही कुणकुण लागल्यापासून गावातल्या बऱ्याच प्रतिष्ठित मंडळींना नीट झोप नव्हती.

बिधानदानं दवंडीचा मजकूरही लिहून आणला होता. “साहित्याच्या नभांगणात स्मृतींच्या सोनेरी किरणांनी उजळलेला एक नवा अरुणोदय,” असा त्याचा आरंभ. तोराबनं तो रिक्षात बसून तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा त्याला खोकला आला.

“बिधानदा, हे माझ्या घशातून उतरत नाही.”

“मग तुझ्या पद्धतीनं सांग. फक्त नाव, जागा आणि वेळ चुकवू नकोस. आज दुपारी जोहरच्या नमाजानंतर, मुक्तारपाड्याच्या मैदानावर.”

तोराबची पद्धत एकच होती. तीच त्यानं वापरली.

चितई संपवून, कोहिनूरला माइकसमोर दात दाखवून, तो निघाला. पहिल्या गल्लीच्या तोंडाशी त्यानं गाडी हळू केली आणि होता होईल तेवढं हसू ओठांवर आणून सुरुवात केली.

“एक विशेष सूचना... एक विशेष सूचना... सातपाई मोहल्ल्याच्या रहिवासी... मरहूम अब्दुल हाई यांच्या पत्नी... टेलिफोन एक्स्चेंजच्या निवृत्त कर्मचारी... जोबेदा खातून...”

इथं तो थांबला. नावानंतर तो नेहमीच थांबायचा. नाव ऐकल्यावर माणसाला ते ओळखायला, हातातलं खाली ठेवायला उसंत मिळावी, म्हणून इतक्या वर्षांची सवय. त्या उसंतीत रिक्षा आपली चालतच राहायची. पुढच्या वळणावर, बांबूच्या बनाजवळ, त्यानं उरलेलं सांगितलं, “यांचं ‘लाइनवर आहात का?’ हे नवं पुस्तक प्रसिद्ध झालं असून,” आणि बन ओलांडून पुढच्या वस्तीत शिरता शिरता, “आज जोहरच्या नमाजानंतर... मुक्तारपाडा मैदानावर... सर्वांनी हजर राहावं... ही विनंती.”

म्हणजे एका वस्तीला नाव मिळालं, दुसऱ्या वस्तीला नमाज आणि मैदान मिळालं, आणि पुस्तक मिळालं ते बांबूंना.

तोराबला ह्याचा पत्ता नव्हता. त्याला दिसत होतं ते एवढंच, की दारं उघडतायत. खरोखर उघडतायत! धुक्यातून बायका फाटकापर्यंत येत होत्या. एका वाण्यानं दुकानाची फळी अर्धी लावली. कॉलेजचे निवृत्त प्रिन्सिपल साहेब दाढीला साबण लावलेल्या अवस्थेत ओसरीवर येऊन उभे राहिले आणि रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. तोराबचा ऊर भरून आला. एका पुस्तकासाठी? आपल्या गावात पुस्तकाची एवढी माया? त्यानं आवाज आणखी ओढला, आणखी भिजवला. कोहिनूरला सांगायला हवं, दात दाखवायचीही गरज पडली नाही.

तीन मोहल्ले झाले. मशिदीच्या वळणावर त्याला समोरून कुद्दुस चहावाला येताना दिसला. कुद्दुसच्या एका खांद्यावर मशिदीतला जनाज्याचा खाटला, दुसरं टोक दुसऱ्या दोघांनी धरलेलं, बगलेत गुलाबपाण्याची बाटली आणि उदबत्त्यांचा पुडा.

तोराबनं ब्रेक दाबला. “इन्ना लिल्लाह! कुद्दुसभाई, कोण गेलं? आणि मला कसं कळवलं नाही कुणी?”

कुद्दुसनं खाटला खांद्यावरच ठेवून त्याच्याकडे पाहिलं. “तुला काय झालंय? सकाळपासून तूच तर सांगत फिरतोयस.”

“मी?”

“नाही, माझा आजा! जोबेदा आपा गेल्या, जोहरनंतर मुक्तारपाड्याच्या मैदानावर जनाजा. दुकान बंद करून निघालो मी. दूध तसंच चुलीवर सोडलंय.”

 तोराबला ते बांबूचं बन आठवलं, आपलं थांबणं आठवलं, प्रिन्सिपल साहेबांच्या गालावरचा साबण आठवला. तो नुसताच म्हणाला, “पुस्तक... पुस्तक आलंय रे आपांचं...” पण कुद्दुस आणि खाटला धुक्यात पुढे गेले होते.

त्यानं रिक्षा वळवली ती सरळ सातपाई. आपांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजाऱ्यांनी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, कुणी तरी कुराण वाचायला बसलं होतं. घराला कुलूप, म्हणून सगळ्यांनी धरून चाललेलं की आपांना पहाटेच इस्पितळात नेलं असणार. म्हातारी एकटीच राहायची, मुलगा सौदीत. त्याला फोन कुणी लावायचा यावर दोघांचं हळू आवाजात भांडण चाललेलं. प्रिन्सिपल साहेब अर्ध्याच दाढीनिशी, पांढरा पंजाबी कुर्ता चढवून, हातात चष्मा घेऊन बसले होते.

“तीन मिनिटं झाली की लाइन तोडायची म्हणजे तोडायची,” एक म्हातारा सांगत होता, “माझ्या व्याह्याशी बोलताना दर वेळी तोडली. पण माझा पोरगा कुवेतहून बोलायला लागला ना, तेव्हा एकदाही नाही. मी म्हटलं, आपा, वेळ झाली असेल. तर म्हणाली, घड्याळ बिघडलंय, तुम्ही बोला.”

“माझ्या बापाच्या ऑपरेशनची रात्र,” दुसरा म्हणाला, “आपा मैमनसिंहची लाइन पहाटेपर्यंत पुन्हा पुन्हा जोडत राहिल्या.”

तोराब फाटकाला धरून उभा होता. तोंड उघडावं, सांगावं, असं चाललेलं. पण तोंड उघडलं तर तोच आवाज निघणार. जन्मात एकदा गोड बातमी मिळाली होती आणि तीही आपण कबरस्तानाच्या वाटेला लावली. लोक काय म्हणतील ते म्हणोत, आपा काय म्हणतील? आणि आपा आहेत तरी कुठे?

आपा त्याच वेळी एका सायकलरिक्षातून उतरत होत्या. नवी कडक सुती साडी, डोळ्यांना जाड चष्मा, हातात पिशवी, आणि पिशवीत जिवंत कोई मासे तडफडतायत. सकाळी बाजार उघडताच त्या गेल्या होत्या, संध्याकाळी बिधानदाला आणि पाहुण्यांना जेवू घालायचं म्हणून. आपल्याच दारात एवढी गर्दी बघून त्या बावरल्या. फाटकापाशी एक बाई पदरात तोंड खुपसून रडत होती. आपांनी डोक्यावर पदर घेतला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“कोण गेलं गं?”

“जोबेदा आपा गेल्या हो!” बाईनं वर न बघताच हंबरडा फोडला.

“कुठली जोबेदा?”

बाईनं वर पाहिलं. मग जी किंकाळी उठली तिनं कुराण वाचणाऱ्याचं पान उलटलं, दोन खुर्च्या उलट्या झाल्या, आणि कुद्दुसच्या हातून खाटल्याचं टोक सुटून प्रिन्सिपल साहेबांच्या पायावर पडलं.

“ए, ओरडू नका,” आपा म्हणाल्या. “मासे घाबरतायत.”

मग एकच गलका. कुणी आपांना चाचपून बघतंय, कुणी हसतंय, कुणी अजून रडतंय, कारण एकदा सुरू झालेलं रडणं असं मध्येच कुठे ठेवणार? आपांनी खुर्ची ओढली, बसल्या, पिशवी एका बाईच्या हातात दिली. “पाण्यात सोड त्यांना. आणि मला सांगा, मला मारलं कुणी?”

सगळ्या माना फाटकाकडे वळल्या.

तोराब पुढे आला. “आपा, मी... नावानंतर थांबलो.”

एवढ्यावरच आपांना सगळं उमगलं. आयुष्यभर लाइन कुठे तुटली हेच शोधत बसलेली बाई ती. त्यांचे खांदे हलायला लागले. लोकांना वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या, चष्मा काढून, डोळे पुसत, तोंडावर पदर धरून.

“तरी म्हटलं, कोईवाला आज माझ्याकडे असा भूत पाहिल्यासारखा का बघत होता! भाव न करताच पिशवी भरून दिली मेल्यानं.”

इतक्यात बिधान साहा सायकल टाकून धावत आला. त्याला बाजारात कळलं होतं. आपा जित्याजागत्या बघून त्यानं आधी आभाळाला हात जोडले आणि मग तोराबला धरलं. “मी तुला आनंदाची बातमी दिली होती, आनंदाची! गावभर सुतक करून ठेवलंस! दुपारी मैदानावर लोक रडत येणार की पुस्तक घ्यायला? जा, घरी जा. मी ती पेनड्राइव्हवाली लावतो. मागे बासरी वाजवून गोड आवाजात सांगेल, आपा सुखरूप आहेत म्हणून.”

तोराबनं मान खाली घातली. बिधानदाचं चुकत नव्हतं. तो रिक्षाकडे वळला.

“थांब,” आपा म्हणाल्या. “बिधान, तू पुस्तकं छापतोस, पण तुला माणसाच्या कानातलं काही कळत नाही. त्या बासरीवाल्या पोरीनं सांगितलं, मी जिवंत आहे, तर विश्वास कोण ठेवील? ती तर म्हणते, साबणानं म्हातारी तरुण होते. तोराबनं मारलंय मला. आता जिवंतही तोराबनंच करायचं.”

“आपा, पण ह्याचा आवाज...”

“ह्याचा आवाज आला की गाव हातातलं काम ठेवतं. असा आवाज ढाक्याच्या मेळ्यात आहे का एक तरी? म्हणून तर मागितला मी. चल रे तोराब, मला बसव पुढे. लोकांना दिसले पाहिजे.”

“आणि काय सांगू आपा?”

“आधी बातमी सांग, मग नाव घे. आज उलटं चाल.”

धुकं आता विरळ झालं होतं, वर उन्हाचा पिवळा डाग दिसायला लागला होता. तोराबच्या शेजारी पुढच्या फळीवर आपा बसल्या, मांडीवर नव्या पुस्तकाच्या प्रती, वर हिरव्या रंगाचं कव्हर. पहिल्या गल्लीशी तोराबनं माइक तोंडाशी नेला आणि त्याला एकदम लक्षात आलं, की जे वाक्य आता बोलायचंय ते त्यानं जन्मात कधी उच्चारलेलं नाही. लोक कुणी गेलं की त्याला बोलावत. कुणी आहे, ह्याची दवंडी कुणी दिली नव्हती.  

“जिवंत आहेत... जिवंत आहेत...”

तोच खर्ज, तेच ओढणं. पण गल्लीतली दारं खाडखाड उघडली. कोण? कोण जिवंत आहे? ज्याला त्याला जाणून घ्यायचं होतं. पळ्या हातात घेऊनच बायका बाहेर आल्या, एक जण अर्धवट नेसलेली लुंगी आवळत आला.

“सातपाईच्या जोबेदा खातून... ठणठणीत जिवंत आहेत... माझ्या शेजारी बसल्या आहेत... त्यांनी पुस्तक लिहिलंय... त्यांना मारलं ती चूक माझी, तोराब आलीची... पुस्तक मात्र त्यांचंच...”

आपांनी त्याच्या हातातून माइक ओढून घेतला, मोज्याची टोपी जरा वर केली, आणि वर्षानुवर्षं न काढलेला तो आवाज काढला. किनरा, स्वच्छ, जराशी घाई असलेला.

“हॅलो, नेत्रकोणा. लाइनवर आहात का?”

पाण्याच्या हंड्याशी बसलेल्या एका म्हातारीनं हंडा तसाच सोडला. तिनं आपांना कधी पाहिलेलं नव्हतं. ती रिक्षापर्यंत आली, आपांच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि म्हणाली, “आहे हो, लाइनवर आहे. तूच होय ती? मला वाटायचं, उंच असशील.”

मग दुपारपर्यंत हेच. तोराब म्हणायचा “जिवंत आहेत”, गल्ली विचारायची “कोण?”, आणि आपा म्हणायच्या, “लाइनवर आहात का?” कुठे कुणी गुळाचे पोहे हातावर ठेवले, कुठे कुणी आपांच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. माळ मुळात खाटल्यासाठी आणलेली होती, पण ते कुणी बोललं नाही. पोरांनी “जिवंत आहेत, जिवंत आहेत” असं तोराबच्या सुरात ओरडत मागे धावायला सुरुवात केली. तोराब मागे वळून बघायचा आणि पुन्हा पुढे बघायचा, डोळ्यात काही गेल्यासारखा.

जोहरनंतर मुक्तारपाडा मैदान भरलं. जनाज्यासाठी ज्यांनी रजा टाकली होती, आंघोळी केल्या होत्या, दुकानं बंद केली होती, त्यांचा दिवस मोकळाच होता. तेही आले, आणि ज्यांना आपा जिवंत आहेत याची डोळ्यांनी खात्री करायची होती तेही आले. कुद्दुसनं आणलेलं गुलाबपाणी वाया जाऊ नये म्हणून येईल त्याच्या अंगावर शिंपडलं. उदबत्त्या टेबलावर लागल्या. शेजारच्या मिठाईवाल्यानं ‘बालिश’, म्हणजे बंगालीत उशी, या नावाची उशीएवढी मिठाई परातीत घालून पाठवली, कापायला सुरी नव्हती म्हणून छापखान्यातल्या पट्टीनं कापली.

पुस्तकाच्या गठ्ठ्यावरचा रंगीत कागद प्रिन्सिपल साहेबांनी सोडवायचा होता. त्यांनी सोडवला. गालाचा एक भाग अजून पांढराच होता. भाषणाला उभे राहिले आणि कबूल केलं, की आपण सकाळपासून मनात शोकसभेचं भाषण जुळवलं, पुस्तकावर बोलायला काही नाही. “मग तेच बोला साहेब,” मागून कुणी ओरडलं. त्यांनी तेच केलं. “आज आपल्यात नसलेल्या” म्हणाले, जीभ चावली, “आज आपल्यात असलेल्या” म्हणाले. एवढ्या टाळ्या त्यांच्या कुठल्याच भाषणाला पडल्या नव्हत्या.

पुस्तकाच्या टेबलावर मग झुंबड. बिधान साहाचे हात पुरेनात. ज्याच्या त्याच्या हातात पुस्तक पडलं की तो आधी पानं भराभर उलटायचा. आपल्याबद्दल काय लिहिलंय, ते बघायला.

“आपा, माझं नाव आहे का यात?” कापडाच्या एका व्यापाऱ्यानं घाम पुसत विचारलं.

“नाव कुणाचंच नाही.”

“सुटलो!”

“पण तुझा खोकला आहे. बेचाळिसाव्या पानावर.”

त्यानं एक प्रत विकत घेतली, मग जरा विचार करून आणखी दोन घेतल्या. त्या इतर कुणाच्या हाती पडू नयेत म्हणून.

मिठाईचा तुकडा गमछ्यात धरून तोराब रिक्षाला टेकून उभा होता. आपा बोलावत होत्या, बिधानदा दोनदा येऊन त्याच्या पाठीवर थाप मारून गेला होता, पण त्याला तिथूनच बघायचं होतं. तेवढ्यात बुरख्याची जाळी वर टाकलेली एक बाई त्याच्यापाशी येऊन घुटमळली. आजूबाजूला बघून हळूच म्हणाली, “भाई, एक विचारू? माझा मुलगा मलेशियात असतो. चार वर्षांनी येतोय, बेस्तवारी. तुम्ही... तसं सांगता का हो गल्लीत? की फक्त गेलेल्यांचंच सांगता?”

तोराबनं तुकडा तोंडात टाकला, म्हणजे चटकन बोलावं लागणार नाही. चावून, गिळून, गमछ्यानं तोंड पुसून मग म्हणाला, “नाव काय मुलाचं?”

“रुबेल.”

“बापाचं नाव, मोहल्ला, कुठल्या बसनं येणार, सगळं सांगून ठेवा. बुधवारपासून पुकारतो.”

बाईनं सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि हसत गर्दीत गेली. तोराबनं बॅटरीच्या काट्याकडे पाहिलं. अजून तासभर चालण्यापुरती होती. मागून कुणीतरी हाका मारत होतं. गुरांच्या दवाखान्यातला शिपाई होता, सायकलवर एक पाय टेकून. “तोराबभाई, केव्हाचा शोधतोय! आता जिवंतांचंही सांगता म्हणे, मग आमच्या उद्याच्या लसीचं सांगाल?”

“सांगतो, सांगतो,” म्हणत तोराब फळीवर चढला, नदीकडच्या वस्तीच्या दिशेनं त्यानं रिक्षा वळवली, आणि माइकवर फुंकर मारली.

“एक विशेष सूचना... उद्या सकाळी बदकांना लस टोचण्यात येणार आहे... घरोघरच्या बदकांना रात्री खुराड्यात कोंडून ठेवावं... तळ्यात सोडू नये...”